रंगवलेल्या जुन्या कन्सोल टेबलचे पोपडे त्याच जागी परत परत निघतायत? रंगाच्या खाली बघा

भिंतीला टेकवून ठेवायचं अरुंद कन्सोल टेबल, मोतिया किंवा फिकट हिरवा रंग, पुढच्या पट्टीवर फुलांच्या माळा आणि कुंभ, मधोमध लंबगोल चित्र, खाली निमुळते होत गेलेले उभ्या खाचांचे पाय. असं निओक्लासिकल रिव्हायवल टेबल घरात असलं की एक त्रास कधी ना कधी येतोच. पोपडा निघतो, आपण पुट्टी भरतो, घासतो, मिळताजुळता रंग मारतो, काही महिने छान दिसतं आणि हवा बदलली की बरोब्बर त्याच जागी परत पोपडा. मग दुसऱ्या कंपनीचा रंग, मग जास्त चांगली पुट्टी, मग वरून कडक वार्निश, आणि दरवेळी पोपडा आधीपेक्षा मोठा.

माझं म्हणणं सरळ आहे. एकदा पोपडा निघाला तर तो जुनेपणा म्हणता येईल, पण त्याच जागी दुसऱ्यांदा निघाला तर रंगाला दोष देणं सोडा. खाली काहीतरी हलतंय, ओल खातंय किंवा गंजतंय, आणि ते थांबेपर्यंत वरती काहीही लावलं तरी ते सुटणारच.

पोपडा उलटा करून बघा

पडलेला एखादा पोपडा फेकू नका, भिंग घ्या आणि त्याची मागची बाजू बघा, अर्धं निदान तिथंच होतं. मागे पांढरा खडूसारखा जाड थर चिकटलेला असेल आणि टेबलावर उघडं लाकूड दिसत असेल तर गेसो, म्हणजे रंगाखालचा हा पांढरा थर, लाकडापासून सुटलाय. मागे फक्त रंगाचा पातळ पापुद्रा असेल आणि टेबलावर पांढरा थर तसाच शाबूत असेल तर रंग गेसोवरून सुटलाय. आणि पोपड्याखाली अजून एक जुना रंग दिसला, कधीकधी त्यावर मूळ नक्षीसुद्धा असते, तर मधे कुणीतरी अख्खं टेबल रंगवून काढलंय आणि तो नंतरचा थर खालच्याला धरत नाहीये. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार बहुतेक वेळा लाकडाच्या हालचालीचा किंवा ओलीचा असतो, दुसऱ्यात जुना सरस कमजोर झालेला असतो किंवा गेसो ओला होऊन भुसभुशीत झालेला असतो, तिसऱ्यात मेण, तेलकटपणा, पॉलिश.

गेसो म्हणजे खडूची बारीक पूड आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस. लाकडावर याचे पातळ पातळ अनेक हात देऊन अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत पृष्ठभाग करायचा आणि त्यावर रंग, सोनेरी वर्ख, चित्र. हा सरस पाण्याने मऊ पडतो, वाळला की कडक होतो, आणि वर्षानुवर्षं फुगणं-आकसणं चालू राहिलं की धरून ठेवायची ताकद घालवून बसतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

टेबल साधारण कधीचं आहे हेही बघा, कारण त्यावर कोणते थर सापडतील ते ठरतं. ही शैली मुळात अठराव्या शतकातली, १७३८ ला हर्क्युलेनियम आणि १७४८ ला पाँपेई ही गाडली गेलेली रोमन शहरं खणायला घेतल्यावर युरोपात रोमन नक्षीचं जे वेड लागलं त्यातून आलेली, इंग्लंडमधे वास्तुकार रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) आणि फ्रान्समधे सोळाव्या लुईच्या काळातलं फर्निचर. पण आपल्यासारख्यांच्या हातात जे येतं ते बहुधा नंतरच्या पुनरुज्जीवनातलं असतं. लंडनच्या राइट अँड मॅन्सफिल्ड या फर्मने ॲडम शैलीतलं एक कॅबिनेट १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं, तिथून पुढे विसाव्या शतकातही बराच काळ अशी टेबलं बनत राहिली. जितकं अलीकडचं तितकी आत प्लायवूड, गेसोच्या जागी तयार प्रायमर आणि हाताने काढलेल्या चित्राच्या जागी छापील ट्रान्सफर (कागदावरून उतरवून चिकटवलेलं चित्र) असायची शक्यता जास्त. भिंगातून चित्रात छपाईचे बारीक ठिपके दिसले तर ते ट्रान्सफर आहे, आणि मग त्यावर ओला बोळा सुद्धा अगदी जपून फिरवायचा कारण वरचं वार्निश गेलं की चित्रही जातं. आणखी एक, मुद्दाम जुनं दिसावं म्हणून कारखान्यातच तडकवलेलं वार्निशही असतं, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक एकसारखी नक्षी सगळीकडे आणि काहीच सुटत नाहीये असं असेल तर तो बिघाड नाही, हात लावू नका.

भेग कुठल्या दिशेने जातेय

वरच्या फळीवर लांबच लांब, टेबलाच्या लांबीला समांतर भेग आणि तिच्या दोन्ही काठांना पोपडे, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार आहे आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण इथंच सगळे परत परत पुट्टी भरत बसतात.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही पण रुंदीत हलतं. ४० सेंटीमीटर रुंदीची अखंड लाकडाची फळी दमट आणि कोरड्या हंगामाच्या मधे २ ते ४ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते, कुठलं लाकूड आणि कसं कापलंय त्यावर आहे. फळीला मोकळेपणी फुगता-आकसता आलं तर वरचा रंगाचा थर बऱ्यापैकी तग धरतो. पण टेबल उलटं करून बघा (दोघांनी उचला, चादर अंथरून त्यावर, आणि पोपडे सुटत असतील तर ते आधी जागेवर धरून घ्या, कसे ते खाली लिहिलंय). फळी खालच्या चौकटीला कशी जोडलीय? चारी बाजूंनी स्क्रू गच्च आवळलेले, किंवा कुणीतरी मागे कधीतरी फळी वाकली म्हणून खालून आडवी पट्टी गोंद लावून ठोकून दिलेली, किंवा कोपऱ्यात जाड ठोकळे नव्या गोंदाने चिकटवलेले. म्हणजे फळीला जागा हवीय आणि तिला सगळीकडून बांधून ठेवलंय. ती मग स्वतःच्या सगळ्यात कमजोर रेघेवर फाटते, साधारण जिथं दोन फळ्या जोडल्या होत्या तिथं. त्या भेगेत तुम्ही कडक पुट्टी भरली की दमट हवेत फळी फुगायला बघते, मधे पुट्टीची पाचर, मग काठाचा रंग वर उचलला जातो. कोरडी हवा आली की पुट्टी एका बाजूने सुटते आणि शेजारी नवी चीर. दरवेळी पोपडा मोठा होत जातो तो यामुळे.

यावर उपाय खालून आहे, वरून नाही. नंतर ठोकलेली आडवी पट्टी आणि नंतरचे ठोकळे काढायचे. सरसाने लावलेले असतील तर थोडी ऊब आणि ओलावा देऊन सुटतात, आधुनिक गोंद असेल तर हळूहळू छिलून काढावे लागतात. पुढच्या कडेचे स्क्रू तसेच घट्ट ठेवा म्हणजे दर्शनी बाजूची कड जागची हलणार नाही, आणि मागच्या बाजूच्या स्क्रूंची भोकं पुढून मागे अशी लांबट करून वॉशर घालून स्क्रू अलगद आवळा, म्हणजे जी काय हालचाल व्हायची ती मागे भिंतीच्या बाजूला होईल. खरोखर जुना मौल्यवान नग असेल तर मूळ लाकडात भोकं मोठी करू नका, ते काम जाणकार संवर्धकाकडेच द्या. भेग रुंद असेल तर त्यात पुट्टीऐवजी त्याच जातीच्या मऊ लाकडाची बारीक चीप एका काठाला सरसाने चिकटवा, दुसरा काठ मोकळा सोडा. केसाएवढी रेघ दिसत राहील. ती दिसू द्या. रंगवलेल्या जुन्या टेबलावर लाकडाच्या जोडावर एक बारीक सरळ रेघ असणं हे त्याच्या तब्येतीला धरूनच आहे.

फळी भेगाळली नाही पण मधे खोलगट किंवा उंच झालीय आणि पोपडे मधल्या पट्ट्यात निघतायत, असं असेल तर वरून रंगाचे चारपाच थर आणि खालून कोरं लाकूड हे कारण असतं. कोरी बाजू ओल पटकन घेते आणि पटकन सोडते, रंगवलेली बाजू हळू. साध्या विंटेज टेबलाला खालून लाखेच्या पातळ पॉलिशचे एकदोन हात दिले की दोन्ही बाजूंचा वेग बराच जवळ येतो.

अर्धगोल टेबल असेल तर पुढच्या वळणदार पट्टीवर एक वेगळंच चित्र दिसतं. ठरावीक अंतरावर उभ्या बारीक चिरा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा, अगदी विटांच्या भिंतीसारख्या. हे योगायोगाने होत नाही, ती पट्टी आतून खरंच लाकडाचे छोटे तुकडे विटांसारखे रचून केलेली असते आणि त्यांचे जोड वर उमटतात. त्या जोडांना धक्का देऊन बघा, काहीच हलत नसेल तर फक्त सुटलेला रंग धरून ठेवा, चिरा मिटवायच्या मागे लागू नका.

पाय आणि पट्टीच्या सांध्यावर पोपडा निघत असेल तर टेबल हळूच बाजूला ढकला आणि सांध्याकडे डोळा ठेवा. रेघ उघडझाप करतेय? मग सांधा खिळखिळा झालाय, आधी तो उघडून जुना सरस साफ करून परत सरसाने घट्ट बसवायचा, रंगाचं काम नंतर. बाहेरून खिळा किंवा स्क्रू मारून काम भागवू नका, त्याने खाच फाटते.

तपकिरी डाग परत परत वर येतो

पोपडा नाही पण पांढऱ्या रंगातून तपकिरी ठिपका वर येतो, रंग मारला की झाकतो आणि परत येतो. दोन शक्यता. पिवळट-तपकिरी, गोलसर, कडा पुसट, खाली पाइनसारखं लाकूड, तर ती गाठ आहे, तिच्यातली राळ वर येतेय. तेवढ्या जागेचा रंग काढून मेण काढलेल्या लाखेचे दोन हात द्या, मग रंग. पण ठिपका छोटा, लालसर, मधे टणक आणि आजूबाजूचा रंग टेंगळासारखा वर आलेला असेल तर आत लोखंडी चूक (बारीक खिळा) गंजतेय. माळा आणि फुलांची उठावाची नक्षी बऱ्याचदा लाकूड कोरून केलेली नसते, ती खडू, सरस, जवसाचं तेल आणि राळ मळून लाकडी साच्यात दाबून काढलेली असते आणि बारीक चुकांनी लावलेली असते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो रंगाला ढकलत राहतो. चूक सहज निघत असेल तर काढून पितळेची घाला, निघत नसेल तर गंज खरवडून, कोरडं करून, वरून लाखेचा किंवा ॲसिटोनमधे विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (संवर्धक वापरतात ती पारदर्शक ॲक्रिलिक राळ) हात द्या. ओढून काढायच्या नादात नक्षी तुटते, ती म्हातारपणी फार ठिसूळ होते, तिच्यात आडव्या बारीक भेगा आधीच असतात. आणि तिला वाफ देऊ नका, मऊ पडून आकार सोडते.

फक्त पायांच्या खालच्या दोनतीन इंचात रंग सुटतोय

ओली फरशी. पायाचा तळ म्हणजे लाकडाचं कापलेलं तोंड, ते नळीसारखं पाणी वर ओढतं. पाय उचलून तळाला लाखेचे किंवा मेणाचे हात द्या, खाली पातळ फेल्ट किंवा नायलॉनची टिकली लावा आणि टेबलाच्या आजूबाजूला फडकं घट्ट पिळून पुसा. बस, एवढंच. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रकार आहे.

मागच्या पट्टीचा आणि फळीच्या मागच्या कडेचा रंग जात असेल तर भिंत बघा, बाहेरची भिंत असेल आणि टेबल तिला चिकटून असेल तर मागे हवा खेळत नाही. तीन बोटं अंतर सोडा. एक आर्द्रतामापक टेबलाच्या मागे आणि एक खोलीच्या मधे ठेवून दोन्हींचे आकडे काही आठवडे लिहून ठेवा, मागचा आकडा कायम बराच जास्त येत असेल तर टेबलाची जागा बदलणं हाच उपाय. ४० ते ६० टक्क्यांच्या मधे आर्द्रता असली तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकदम वरखाली होऊ नये. टेबलाखाली हीटर किंवा समोरून एसीचा झोत असेल तर तो आधी हलवा. ऊन एकाच बाजूला येत असेल तर पोपडेही त्याच बाजूला जास्त दिसतील.

नव्या रंगात लहान लहान गोल खड्डे पडत असतील, रंग जणू अंग चोरतोय असा मागे सरकत असेल, तर ते फर्निचर चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन आहे. मिनरल स्पिरिटने दरवेळी नवा बोळा घेऊन परत परत पुसा, मग लाखेचा एक पातळ हात, मग रंग. आणि इथून पुढे तो स्प्रे या टेबलाजवळ आणू नका, कोरडा मऊ ब्रश पुरतो.

आता सुटलेला पोपडा परत बसवायचा कसा

खुडून काढू नका. मूळ रंगाचा प्रत्येक तुकडा जपण्यासारखा आहे, त्याच्यावरचा ब्रशचा फटकारा परत कुणाला जमणार नाही.

सरसाचे दाणे थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला, १०० मिलिलिटर पाण्याला ३ ते ५ ग्रॅम, सकाळी फुगलेले दिसतील. मग गरम पाण्याच्या भांड्यात ते भांडं ठेवून विरघळवा, ६० अंशाच्या वर नेऊ नका, उकळला की सरसाची ताकद जाते. वापरताना कोमट हवा. पोपड्याच्या कडेला आधी बारीक ब्रशने पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचा एक थेंब सोडा, म्हणजे सरस आत ओढला जातो, नाहीतर तो वरच मण्यासारखा बसून राहतो. पण त्याआधी कोपऱ्यात कुठंतरी इअरबडने अल्कोहोल लावून बघा, बड चिकट झाला किंवा रंग त्यावर आला तर वरचं वार्निश लाखेचं आहे आणि अल्कोहोल वर्ज्य, नुसतं कोमट पाणी घ्या. मग सरसाचा थेंब, पोपडा मऊ पडायला मिनिटभर द्या, कडक असताना दाबला तर कटकन मोडतो. मऊ झाला की वर सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर ठेवून बोटाने किंवा कोमट पात्याने हलकेच दाबा, बाहेर आलेला सरस ओलसर कापसाने टिपून घ्या, वर वाळूची छोटी पिशवी ठेवून वाळू द्या. टेबल हलवायचं असेल आणि पोपडे लटकत असतील तर पातळ टिश्यूचे तुकडे याच पातळ सरसाने वरून चिकटवून घ्या, नंतर ओल्या बडने निघतात.

सुपरग्लू नको, सुताराचा पांढरा गोंदही नको. दोन्ही आत जाऊन कडक पापुद्रा करतात, परत सुटलं तर मग सरस आत शिरतच नाही आणि काढायचं म्हटलं तर मूळ रंगही जातो.

जिथं तुकडाच हरवलाय तिथं भरायला बाजारच्या पुट्टीपेक्षा तोच गेसो करा, फक्त सरस थोडा दाट घ्या आणि त्यात खडूची पूड हळूहळू बुडू द्या, ढवळून फेस केला तर वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. पातळ थर, वाळू द्या, परत थर. घासायला पॉलिश पेपर लागत नाही, किंचित ओलसर बुचाने गोल गोल फिरवलं की गेसो सपाट होतो आणि शेजारच्या मूळ रंगावर ओरखडा येत नाही. वरून लाखेचा पातळ हात, मग फक्त तेवढ्याच खड्ड्यात गवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा वॉटरकलर, मूळ छटेपेक्षा जरा फिका ठेवा कारण वार्निश लागलं की गडद होतो. काठाबाहेर एक मिलिमीटरही जाऊ नका. अख्खी पट्टी एकसारखी दिसावी म्हणून सगळं रंगवून काढायचा मोह होतो, पण तसं केलं की पुढच्या वेळी सुरुवातीला सांगितलेल्या तीनपैकी तिसरा प्रकार तुम्हीच तयार करून ठेवलेला असतो.

आणि हे सगळं करताना कोरडं घासकाम टाळाच. जुन्या पांढऱ्या आणि फिकट रंगांमधे शिसं असायची शक्यता खूप आहे, अमेरिकेतसुद्धा घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ ला आली, त्यामुळे विसाव्या शतकातलं टेबल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शिसं तपासायचे स्वॅब मिळतात. धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा, हातमोजे घाला, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, पडलेले तुकडे पिशवीत बंद करा.

बारीक गोल भोकं आणि खाली फिकट ताजी भुकटी दिसली तर रंगाचं काम तिथंच थांबवा, टेबल बाकीच्या लाकडी सामानापासून लांब न्या, खाली काळा कागद अंथरा. काही दिवसांनी कागदावर परत भुकटी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त.

दुरुस्ती झाल्यावर टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरून फोटो काढून ठेवा, तिरप्या उजेडात उचललेली प्रत्येक कड सावली टाकते. ऋतू बदलला की त्याच जागेचा तसाच फोटो परत काढा आणि शेजारी ठेवून बघा. सावली वाढली असेल तर रंगाचा डबा न उघडता टेबल परत उलटं करा, कुठला तरी स्क्रू अजून गच्च आहे.